शालेय प्रयोग : काय बदलावे आणि काय मोजावे

आपल्या ट्रस्टच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी मुलांच्या विज्ञानाविषयी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. आयुष्याची पस्तीस वर्षे इंदुरात शाळेतील मुलांना पदार्थविज्ञान शिकविण्यात गेली, आणि ट्रस्टच्या सभागृहात भरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या विज्ञान-प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याचा मानही अनेक वर्षे मिळाला. तेव्हा नाही म्हणणे शक्यच नव्हते.

प्रदर्शनात एक गोष्ट दरवर्षी नजरेस येते. मांडणी सुरेख असते. तक्ते रंगीत असतात, अक्षर वळणदार असते, आणि आदल्या रात्री घरातील सारी मंडळी जागून पुठ्ठे कापीत बसलेली असतात हे त्यांच्या डोळ्यांवरून कळते. पण मुलाला इतकेच विचारावे की, "बाळ, हे तू मोजलेस कसे?" की ते आईकडे पाहते. दुसरा प्रश्न विचारावा, "यात तू काय बदललेस आणि काय तसेच ठेवलेस?" की आईसुद्धा वडिलांकडे पाहते. वास्तविक या दोन प्रश्नांतच प्रयोगाचा सारा जीव असतो. बाकीची सजावट होय. म्हणून हे दोन प्रश्न पालकांना व मुलांना मिळून समजावेत, एवढ्याच हेतूने हा लेखप्रपंच आहे.

दह्याचे उदाहरण

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. समजा, एके दिवशी दही फार आंबट झाले. त्या दिवशी दूध नेहमीपेक्षा अधिक गरम असतानाच विरजले होते. विरजणही चमचाभर जास्त पडले होते. शिवाय सकाळी लग्नाला जायचे असल्यामुळे भांडे दुपारपर्यंत बाहेरच राहिले. आता आंबटपणाचा दोष कोणाला द्यावा? गरम दुधाला, जादा विरजणाला, की लांबलेल्या वेळेला? कोणी कितीही ठामपणे उत्तर दिले तरी तो तर्कच ठरेल. कारण तीन गोष्टी एकदम बदलल्या आहेत.

खरे उत्तर हवे असेल तर मार्ग एकच. एकाच पातेल्यातले दूध तीन सारख्या वाट्यांत घ्यावे. तिन्हींचे तपमान सारखे असावे, तिन्ही वाट्या एकाच फडताळात आणि तितकाच वेळ ठेवाव्यात. फक्त विरजण एका वाटीत अर्धा चमचा, दुसरीत एक आणि तिसरीत दोन चमचे घालावे. मग चवीत जो फरक पडेल तो विरजणाचाच, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होतो.

ज्या गोष्टीचे मान कमी-जास्त होऊ शकते तिला शास्त्रात 'चल' असे म्हणतात. प्रयोगात चल तीन प्रकारचे येतात. जो आपण मुद्दाम बदलतो तो स्वतंत्र चल. येथे विरजणाचे प्रमाण. त्याच्या बदलामुळे जो बदलतो आणि ज्याच्यावर आपण लक्ष ठेवतो तो परतंत्र चल, येथे आंबटपणा. आणि ज्यांना आपण हलू देत नाही ते नियंत्रित चल. येथे दूध, तपमान, वेळ, भांडे. मुलांना ही नावे जड वाटत असतील तर मी सोप्या भाषेत सांगतो : एक बदलायचा, एक पाहायचा, आणि बाकीचे बांधून ठेवायचे. यातील तिसरे काम सर्वांत कठीण आहे, कारण बांधून ठेवायचे कोणकोणते हे आधी सुचावे लागते.

मेथीच्या दाण्यांची गोष्ट

काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीने 'बी रुजण्यास प्रकाश लागतो काय?' असा प्रयोग मांडला होता. प्रश्न उत्तम होता. तिने दोन वाट्यांत ओला कापूस घालून त्यावर मेथीचे दाणे पसरले. एक वाटी खिडकीत ठेवली, दुसरी लोखंडी कपाटात. चार दिवसांनी खिडकीतले बहुतेक दाणे रुजले होते. कपाटातले निम्मेही नव्हते. तिने निष्कर्ष लिहिला : 'रुजण्यासाठी प्रकाश आवश्यक आहे.'

मी तिला विचारले, "पाणी किती घातलेस?" ती प्रामाणिक मुलगी होती. म्हणाली, "खिडकीतली वाटी येताजाता दिसायची, म्हणून रोज घातले. कपाटातली पहिल्या दिवशीच भिजवली होती." म्हणजे तिने प्रकाश बदलला खरा, पण पाणीही नकळत बदलले. कपाटातल्या दाण्यांना अंधाराने नव्हे, तहानेने मारले होते.

तिने प्रयोग पुन्हा केला. या वेळी दोन्ही वाट्या एकाच टेबलावर, एकमेकींशेजारी ठेवल्या. एकीवर डबा उपडा घातला, पण हवा खेळावी म्हणून कडेला एक लहानशी चिपटी सरकवून डबा किंचित उचलून ठेवला. ऊन थेट पडणार नाही अशी जागा निवडली. कारण पत्र्याचा डबा उन्हात तापला असता तर उष्णता हा आणखी एक चल गुपचूप आत शिरला असता. दोन्ही वाट्यांत दाणे वीस-वीस मोजून घातले आणि रोज एकाच वेळी दोन-दोन चमचे पाणी दिले. आता दोन्हीकडे दाणे जवळजवळ सारखेच रुजले. मेथीला रुजण्यापुरता प्रकाश लागत नाही, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले.

वीस दाणे कशासाठी, असे कोणी विचारील. एकच दाणा घेतला आणि तो किडका निघाला तर आपण दोष अंधाराला देऊन मोकळे होऊ. वीस दाण्यांत एखाद-दुसरा किडका असला तरी एकंदर निकाल फिरत नाही. पुष्कळ मुले एका कुंडीत एक रोप आणि दुसऱ्या कुंडीत दुसरे, एवढ्यावरच मोठमोठे सिद्धांत उभारतात, म्हणून हे आवर्जून सांगितले.

याच प्रयोगात पुढे एक गंमत झाली, आणि ती मापनाच्या दृष्टीने फार शिकविणारी आहे. रोपे तशीच आठवडाभर वाढू दिली, तेव्हा डब्याखालची रोपे उजेडातल्यांपेक्षा उंच निघाली! मुलगी गोंधळली. "म्हणजे अंधारात वाढ जास्त चांगली होते का, सर?" तिने वाढ मोजण्यासाठी पट्टी घेतली होती, आणि पट्टी खोटे बोलत नव्हती. परंतु अंधारातले रोप प्रकाश शोधण्यासाठी बियांत साठविलेले अन्न खर्चून नुसते लांब होत जाते. त्याचा देठ बारीक व फिकट असतो, पाने पिवळट आणि लहान राहतात. उंची वाढली, पण रोप सुदृढ झाले नाही. ती रोपे सुकवून नाजूक काट्यावर तोलली असती तर उलट चित्र दिसले असते. कारण रोपाच्या अंगी नवे द्रव्य येते ते प्रकाशात अन्न तयार झाल्यावरच.

यावरून धडा असा की, 'चांगली वाढ' हा शब्द उच्चारणे सोपे आहे, पण ती कशाने मोजावयाची हे प्रयोगाआधी ठरवावे लागते. उंची, पानांची संख्या, की सुकविल्यावरचे वजन? तसेच 'दाणा रुजला' असे केव्हा म्हणावयाचे? साल फुटल्यावर, की मूळ दोन मिलिमीटर बाहेर आल्यावर? हे आधी ठरविले नाही तर आवडत्या वाटीतला जरासा फुगलेला दाणाही 'रुजला' म्हणून मोजला जातो, आणि नावडत्या वाटीतला मूळ फुटलेला दाणाही नजरेतून सुटतो. यात मुलाचा लबाडीचा हेतू नसतो. मनाला जे हवे असते तेच डोळ्याला दिसते. त्याला आळा घालावयाचा तर व्याख्या आधी वहीत लिहून ठेवावी.

साखळी आणि ऊन

चल किती गुपचूप शिरतो याचे एक भव्य उदाहरण आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टन या अधिकाऱ्याने जमिनीच्या महामोजणीस आरंभ केला. त्रिकोणांच्या जाळ्याने सारा देश मोजावयाचा, आणि त्या साऱ्या जाळ्याचा पाया म्हणजे सपाट जमिनीवर साखळीने मोजलेली सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा. ही पायाची रेषा चुकली की पुढचे सारे त्रिकोण चुकणार.

साखळी पोलादाची, शंभर फूट लांबीची. पण पोलाद उन्हाने वाढते. तपमान दहा अंश सेल्सियस चढले की एवढी साखळी साधारण साडेतीन मिलिमीटरने लांबते. साडेतीन मिलिमीटर म्हणजे किती? तांदळाच्या दाण्याहून कमी. परंतु साडेसात मैल मोजताना साखळी सुमारे चारशे वेळा टाकावी लागते, आणि तीच किरकोळ चूक चारशे पटींनी वाढून जवळजवळ १ मीटर ४० सेंटीमीटर होते. म्हणून लॅम्टनने साखळी लाकडी पेट्यांत आधार देऊन, तंबूच्या सावलीत ठेवून मोजली, आणि जागोजाग तापमापक लावून प्रत्येक वेळचे तपमान टिपून ठेवले. ऊन थांबविणे त्याच्या हाती नव्हते. मात्र उन्हाची नोंद करणे त्याच्या हाती होते. जो चल बांधून ठेवता येत नाही तो निदान मोजून लिहून ठेवावा, हा नियम मुलांना यातून शिकता येईल.

हे काम करता करताच १८२३ च्या जानेवारीत विदर्भातील हिंगणघाट येथे लॅम्टनचे देहावसान झाले. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने काम हाती घेतले. माळव्याच्या उत्तरेस, हल्लीच्या विदिशा जिल्ह्यातील सिरोंज येथील पायाची रेषा त्याने १८२४-२५ मध्ये साखळीने मोजली होती. पण साखळीवर त्याचा विश्वास बसेना. तेव्हा लोखंड आणि पितळ यांच्या पट्ट्या अशा रीतीने जोडलेल्या गजांनी, की दोन धातूंचे वाढणे एकमेकांना छेद देईल, तीच रेषा १८३७-३८ मध्ये पुन्हा मोजण्यात आली. बारा-तेरा वर्षांपूर्वी झालेले काम पुन्हा करावयाचे! आमच्या मुलांना एकच लांबी दुसऱ्यांदा मोजावयास सांगितली तर ती तोंड वाकडे करतात; त्यांना ही कथा अवश्य सांगावी.

लंबक

आता मापनाच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. त्यासाठी दोरा, लहानसा धातूचा गोळा आणि घड्याळ एवढेच साहित्य पुरे. दोऱ्याला गोळा टांगला की लंबक झाला. लंबक एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा पहिल्या टोकाला आला म्हणजे एक आंदोलन पूर्ण झाले. त्याला लागणारा वेळ कशावर अवलंबून असतो, हा प्रश्न. गोळ्याच्या वजनावर, झोक्याच्या रुंदीवर, की दोऱ्याच्या लांबीवर?

येथेही एका वेळी एकच गोष्ट बदलावी. लांबी तीच ठेवून हलका व जड गोळा लावून पाहावा. वेळ बदलत नाही. मात्र जड गोळा आकाराने मोठा असेल तर दोरा थोडा आखडून घ्यावा लागतो, कारण लंबकाची लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरावयाची असते. झोका लहान असेल तोवर त्याच्या थोड्याफार कमीजास्तपणानेही वेळेत कळण्याजोगा फरक पडत नाही. लांबी बदलली की मात्र वेळ बदलतो. २५ सेंटीमीटर लांबीला सुमारे १ सेकंद आणि १०० सेंटीमीटर लांबीला सुमारे २ सेकंद. म्हणजे लांबी चौपट तेव्हा वेळ दुप्पट.

पण हा एक सेकंद मोजावयाचा कसा? घड्याळाची कळ दाबताना आपल्या बोटाला सुमारे एक-पंचमांश सेकंद उशीर होतो, आणि हा उशीर दर वेळी सारखा नसतो. एकच आंदोलन मोजले तर एका सेकंदात एक-पंचमांश सेकंदाची चूक, म्हणजे रुपयात वीस पैशांची. तीच चूक वीस आंदोलने एकदम मोजून वीसने भागले की वीस ठिकाणी वाटली जाते आणि रुपयात एक पैसा उरते. घड्याळ तेच, बोटही तेच. केवळ मोजण्याच्या रीतीने माप वीसपट विश्वसनीय झाले. हल्ली मोबाईलच्या पडद्यावर सेकंदाचा शंभरावा भागही दिसतो आणि मुले तो मोठ्या अभिमानाने उतरून घेतात. पडद्याला शंभरावा भाग कळत असेल, पण बोटाला कळत नाही. माप हे साधनाइतकेच मोजणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते.

येथे चुकांचे दोन प्रकार ओळखावेत. बोटाच्या उशिराची चूक कधी इकडे तर कधी तिकडे पडते. अशी विखुरलेली चूक अनेकदा मोजून सरासरी काढल्याने कमी होते. परंतु एखाद्याने लांबी फक्त दोऱ्याच्या गाठीपर्यंतच मोजली आणि गोळ्याची अर्धी जाडी धरलीच नाही, तर त्याची लांबी दर वेळी तेवढीच कमी भरेल. लाकडी पट्टीचे टोक झिजलेले असताना तेथूनच मोजले तरी तसेच. ही एकाच बाजूची चूक होय. शंभर वेळा मोजून सरासरी काढली तरी ती जात नाही. उलट शंभर आकडे एकमेकांशी जुळतात म्हणून ती अधिकच खरी भासते. आकडे जुळले म्हणजे ते खरे असलेच पाहिजेत असे नाही, ही गोष्ट मोठ्या माणसांनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे साधन तपासणे : पट्टी झिजली असेल तर १ या खुणेपासून मोजावे, डोळा खुणेच्या अगदी समोर ठेवावा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या साधनाने पडताळा घ्यावा.

परीक्षकाची चूक

आता एक कबुली देणे मला प्राप्त आहे. १९८७ सालच्या प्रदर्शनात दोन मुलांनी हाच लंबकाचा प्रयोग मांडला होता. दोघांनीही २५ सेंटीमीटरच्या लंबकाची वीस आंदोलने पाच-पाच वेळा मोजली होती. घड्याळ दोघांना मिळून एकच होते, सेकंदाचा दहावा भाग दाखविणारे. मुलाच्या वहीत पाचही वेळा २०.०७ सेकंद असा आकडा होता. मुलीच्या वहीत आकडे होते : २०.१, १९.८, २०.२, १९.१, २०.०. चौथ्या आकड्यापुढे तिने बारीक अक्षरात लिहिले होते, 'हा वेगळा का आला ते कळले नाही.'

मी पहिले बक्षीस मुलाला दिले. मुलीच्या वहीवर 'अधिक काळजीपूर्वक मोजावे' असा शेरा मारला.

पुढच्या वर्षी तीच मुलगी दुसरा प्रयोग घेऊन आली. वही पाहिली तर प्रत्येक रकान्यात पाचही आकडे एकसारखे. मी म्हटले, "या वेळी अगदी नेमके आले!" ती मान खाली घालून म्हणाली, "मागच्या वर्षी आकडे जुळले नव्हते ना, सर."

त्या रात्री मला झोप लागली नाही. उठून हिशेब मांडला. २५ सेंटीमीटरच्या लंबकाला एका आंदोलनास जेमतेम एक सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. एकोणीस आंदोलनांना सुमारे १९.१ सेकंद! म्हणजे तिचा तो 'चुकलेला' आकडा चुकलेला नव्हताच. त्या खेपेस तिने गोळा सोडताना 'शून्य' म्हणण्याऐवजी 'एक' म्हटले असावे, आणि वीसऐवजी एकोणीसच आंदोलने मोजली गेली. घड्याळाने आणि तिच्या हाताने जे घडले ते बरोबर टिपले होते. तो आकडा तिने खोडला नाही म्हणूनच त्याचे कारण सापडू शकले. तो वगळला तर उरलेल्या चार आकड्यांची सरासरी २०.०२५ येते, आणि घड्याळ दहाव्या भागापर्यंतच पोचते हे लक्षात घेता याहून चांगले माप शालेय प्रयोगात मागता येणार नाही.

आणि मुलाचे २०.०७? सेकंदाचा दहावा भाग दाखविणाऱ्या घड्याळात २०.०७ हा आकडा दिसूच शकत नाही. तो पुस्तकातील सूत्रावरून काढलेला होता. परीक्षकाच्या खुर्चीत बसून मला हे दिसावयास हवे होते. पण मी वहीत सुबकपणा शोधीत होतो. एका शेऱ्याने मी एका सरळ मुलीला आकडे जुळवावयास शिकविले, आणि बक्षीस देऊन त्या मुलालाही तेच शिकविले. मुलाचा दोष मी फार मानीत नाही. आपण जे मागतो तेच मुले आणून देतात.

तिला बोलावून मी तो हिशेब दाखविला आणि चूक माझी होती असे सांगितले. ती हसली, पण वर्षभर उशीर झालाच होता.

न खोडलेल्या आकड्याचे मोल

न जुळणारा आकडा कुठवर नेतो हे पाहावयाचे असेल तर झां रिशे या फ्रेंच ज्योतिर्विदाची हकीकत पाहावी. १६७२ साली तो दक्षिण अमेरिकेत विषुववृत्तानजीकच्या केयेन येथे वेधासाठी गेला होता. पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड केला तेव्हा ते ताळ्यावर आले. घड्याळ बिघडले किंवा आपण चुकलो, असे म्हणून तो हे सोडून देऊ शकला असता. त्याने ते महिनोन्‌महिने तपासले आणि जसे दिसले तसे लिहून ठेवले. लांबी, वजन, झोका हे सारे बांधून ठेवूनही एक चल बदलला होता, ज्याचा कोणी विचारच केला नव्हता : ते ठिकाण. विषुववृत्तापाशी गुरुत्वाकर्षणाचा परिणाम किंचित कमी असतो. पुढे न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात हे निरीक्षण, पृथ्वी मध्यभागी फुगीर व ध्रुवांपाशी चपटी आहे या विवेचनासाठी आधाराला घेतले. तीन मिलिमीटरच्या फरकाने पृथ्वीचा आकार सांगितला!

पालकांस चार शब्द

घरी मूल प्रयोग करीत असेल तेव्हा पालकांनी उत्तर सांगू नये, प्रश्न विचारावेत. काय बदलतोस? काय पाहतोस? काय तसेच ठेवले आहेस, आणि एखादी गोष्ट विसरलास का? कशाने मोजतोस, आणि त्या साधनावरची सर्वांत लहान खूण केवढी? किती वेळा मोजलेस? एवढ्या पाच-सहा प्रश्नांत मुलाचा अर्धा अभ्यास होतो.

वही एकच असावी, कच्ची आणि पक्की अशा दोन नसाव्यात; आकडे पक्क्या वहीत उतरतानाच त्यांना 'शिस्त' लावण्याचा मोह होतो. आकडा शाईने आणि त्याच क्षणी लिहावा. चुकला असे वाटले तर एकच रेघ मारावी, म्हणजे खालचा आकडा वाचता येईल, आणि शेजारी कारण लिहावे. आकड्यापुढे एकक लिहिलेच पाहिजे. मण-शेराच्या दिवसांत गावोगाव शेर निराळा असे, आणि १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली ती हाच घोळ मिटविण्यासाठी. तेव्हा नुसता '२५' हा आकडा मुकाच समजावा. आणि निकाल अपेक्षेप्रमाणे आला नाही तर मुलावर रागावू नये. 'पुन्हा करून पाहू' एवढेच म्हणावे.

शेवटी ट्रस्टच्या विश्वस्त मंडळास एक नम्र सूचना. आजवर प्रदर्शनात मांडणीला, बोलण्याला आणि कल्पकतेला गुण दिले जातात, ते असावेतच. पण या अमृतमहोत्सवी वर्षापासून एक बक्षीस नुसत्या वहीसाठी ठेवावे. तक्ता नको, मांडणी नको. फक्त नोंदवही पाहावी, आणि तीत न जुळलेला आकडा जागच्या जागी आहे काय हे पाहावे. रक्कम लहान असली तरी चालेल. आपल्या वाडवडिलांनी या ट्रस्टचा पहिला जमाखर्च लिहिला तो पैशाचा हिशेब चोख असावा म्हणून. त्यांच्या पणतवंडांनी निसर्गाचा हिशेब तितकाच चोख लिहावा, आणि तो तपासणाऱ्या आम्हा वडीलधाऱ्यांनी सुबक खोट्यापेक्षा ओबडधोबड खरे ओळखण्याची दृष्टी बाळगावी, एवढीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.